बाटली लख्ख, झाकण काळं

रात्री भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला की पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या रांगेत हल्ली दोन नवे पाहुणे दिसतात. एक मुलाच्या शाळेची स्टीलची बाटली आणि दुसरा कामावर जाणाऱ्या माणसाचा झाकणाचा मग. लोकल असो, एस.टी. असो की मोटारसायकल, सकाळचा चहा आता बरोबर निघतो. दोन्ही भांडी आतून चकचकीत असतात. त्यात डोकावून पाहिलं तर आपलाच चेहरा दिसतो आणि आपण समाधानाने दिवा मालवतो.

पण या भांड्यांची घाण पोटात साचत नाही. ती झाकणात साचते.

आम्ही हे ठामपणे लिहितो आहोत, कारण वर्गात बसलेल्या मुलांच्या बाटल्या आम्ही एकदा नव्हे, अनेकदा उघडून पाहिल्या आहेत. कार्यानुभवाचा तास होता. कागदकाम, मातीकाम नेहमीचंच. त्या दिवशी आम्ही सहावीच्या मुलांना सांगितलं, आज आपापली बाटली बाकावर ठेवा आणि तिचं झाकण जितकं सुटं करता येईल तितकं करा. आधी हसाहशी झाली. मग हळूहळू शांतता पसरली. वायसर, म्हणजे झाकणाच्या आत बसवलेली ती गोल लवचीक रिंग, बऱ्याच मुलांनी तोवर कधी काढलेलीच नव्हती. ती निघते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. रिंग निघाली आणि तिच्या मागच्या खाचेत काय होतं ते मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काळे ठिपके, तपकिरी चिकट थर, कुठे कुठे गुलाबीसर बुळबुळीत लेप. एका मुलाच्या स्ट्रॉमधून शेवयांसारखं काहीतरी निघालं. तो आठवडाभर शेवयांकडे बघणार नाही, असं मुलं त्याला चिडवत राहिली.

त्याच वर्गात एक मुलगी होती. शाळेत पाणीच पीत नसे. सकाळी भरून आणलेली बाटली दुपारी तशीच घरी परत नेई. आई वैतागलेली, पोरगी आळशी आहे म्हणायची. दुपारनंतर मुलीचं डोकं दुखे. आम्हाला आधी वाटलं, शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून ही पाणी टाळते आहे. अशा मुली खूप असतात आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. एकदा मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं तेव्हा ती म्हणाली, “टीचर, पाण्याला मच्छीचा वास येतो.” घरी सांगितलंस का, तर म्हणे, “अम्मी रोज धुते. सांगितलं तर तिला वाईट वाटेल.”

पालकसभेला तिची आई आली तेव्हा आम्ही बाटली समोर ठेवून झाकण सुटं करून दाखवलं. ती बाई कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “मी रोज घासते हो. खरंच रोज घासते.” आणि ते खरंच होतं. बाटलीचं पोट आरशासारखं होतं. ही रिंग काढायची असते, हा चाप वर उचलला की स्ट्रॉ सुटते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बाटलीबरोबर आलेल्या कागदावर ते होतं म्हणे, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ज्या घरात कोणी तो कागद वाचू शकत नाही, त्या घराला दोष देण्यात काय अर्थ आहे? म्हणून हा लेख.

आता जरा मुळापासून पाहू. एका साध्या झाकणाला किती जागा असतात? बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाला आटे असतात, त्या आट्यांच्या खोबणी. आतली रिंग आणि रिंगची खाच. पिण्यासाठी उचलायची किंवा सरकवायची पट्टी, ती ज्यावर फिरते ती बारीक खीळ. हवा आत जावी म्हणून ठेवलेलं टाचणीएवढं भोक. स्ट्रॉची बाटली असेल तर तोंडात धरायची मऊ तोटी, तिच्या खालची नळी, आणि काहींमध्ये पाणी सांडू नये म्हणून बसवलेली छोटीशी झडप. चहाच्या मगात सरकती खिडकी असते. ती वरून एक तुकडा दिसते, पण तिच्या पोटात दोन-तीन तुकडे असतात. या सगळ्या जागा ओल्या राहतात, तिथे हवा जात नाही, ऊन जात नाही, आणि बोट तर जातच नाही.

तिथे काय घडतं ते समजायला दातांचं उदाहरण पुरे आहे. सकाळी उठल्यावर दातांवर जो बुळबुळीत थर लागतो, तो नुसती चूळ भरून जात नाही. मिस्वाक किंवा ब्रश फिरवावाच लागतो. जिवाणू ज्या पृष्ठभागावर बसतात तिथे स्वतःभोवती एक चिकट पांघरूण विणतात. शास्त्राच्या पुस्तकात त्याला बायोफिल्म म्हणतात. वरून पाणी ओतलं, साबणाचा फेस खळखळवला, तरी त्या पांघरुणाखालचे जिवाणू बऱ्याच प्रमाणात तसेच राहतात. ते घासूनच निघतं. बाटलीत साबण-पाणी घालून, झाकण लावून, जोरात हलवून ओतून टाकण्याची जी पद्धत घरोघर आहे, तिने बाटलीला चूळ भरल्यासारखं होतं, एवढंच.

काळे ठिपके बहुतेक वेळा बुरशीचे असतात. गुलाबीसर थर दिसला तर तो बुरशीपेक्षा जिवाणूंचा असण्याची शक्यता जास्त. यामुळे लगेच कोणी दवाखान्यात जाईल असं आम्ही म्हणणार नाही. उगाच भीती घालणं आम्हाला पटत नाही. धडधाकट मुलाला बहुधा काही होतही नाही. पण ज्याला दमा आहे, धुळीची किंवा बुरशीची अॅलर्जी आहे, जे नुकतंच आजारातून उठलं आहे, घरात जे म्हातारं माणूस आहे, त्यांच्या बाबतीत हे चालवून घेऊ नये. आणि सगळ्यात मोठं नुकसान त्या मुलीसारखं, वासाने मूल पाणीच पिणं सोडतं. कमी पाण्याने बद्धकोष्ठ होतो, लघवी पिवळी होऊन जळजळते, दुपारी डोकं चढतं. केरळमधल्या शाळांनी २०१९ साली मुलांना पाण्याची आठवण द्यायला वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली होती. घंटा चांगलीच. पण घंटा वाजल्यावर तोंडाला लावायची ती बाटली प्यावीशी वाटली पाहिजे ना?

चहाच्या मगाची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर आहे. पाण्याच्या बाटलीत खायला काही नसतं. जे साचतं ते मुलाच्या तोंडातून परत गेलेल्या घोटातून आणि हवेतून येतं. दुधाच्या चहात मात्र साखर, स्निग्धांश, दुधातलं प्रथिन, सगळं काही असतं. जिवाणूंसाठी तो भरलेला दस्तरखान आहे. सकाळी सातला भरलेला मग दुपारी रिकामा होतो, संध्याकाळपर्यंत बॅगेत झाकण घट्ट लावून पडून राहतो, रात्री घरी येतो. बारा-तेरा तास. त्या सरकत्या खिडकीच्या पोटात दुधाचा थेंब तोवर आंबून वाळलेला असतो.

थर्मासची एक गंमत आम्ही मुलांना नेहमी सांगतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ साली दोन भिंतींचं भांडं बनवलं आणि मधली हवा काढून घेतली. हेतू चहाचा नव्हता. त्यांना अतिशय थंड, द्रवरूप केलेले वायू साठवायचे होते. पुढे जर्मनीत १९०४ साली त्याच कल्पनेवर थर्मास नावाने घरगुती बाटली निघाली. ड्युअर यांनी पेटंट घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या हाती काही आलं नाही. तर सांगायचं हे, की निर्वात भिंत थंड ते थंड ठेवते आणि गरम ते गरम, पण कोमट तेही कोमट ठेवते. आपल्या घरांत थंडीच्या दिवसांत दही लागत नाही तेव्हा बायका विरजण लावलेलं कोमट दूध थर्मासमध्ये ठेवतात आणि सकाळी घट्ट दही निघतं. दह्याच्या जिवाणूंना जी ऊब आवडते तीच नको त्या जिवाणूंनाही आवडते. चहा वाफाळता, साठ अंशांच्या वर असेपर्यंत त्यांची वाढ होत नाही. तो कोमट झाला की घड्याळ सुरू होतं. रमजानमध्ये सेहरीला उठल्यावर धावपळ नको म्हणून काही घरांत रात्रीच दूध किंवा चहा थर्मासमध्ये भरून ठेवतात. भरायचाच असेल तर उकळता भरा, आणि त्याआधी थर्मास गरम पाण्याने विसळून तापवून घ्या. कोमट दूध मात्र रात्रभर ठेवू नका. झाकण कालचंच असेल तर मुळीच नको.

रमजानवरून आठवलं. जी मुलं रोजे ठेवतात त्यांच्या बाटल्या महिनाभर दप्तरात किंवा कपाटात पडून राहतात, तळाला दोन घोट पाणी, झाकण घट्ट. ईदनंतर शाळा भरते आणि पहिल्या दिवशी वर्गात जो वास दरवळतो तो काही शीरखुर्म्याचा नसतो. मे महिन्याच्या सुट्टीनंतरही हेच. बाटली वापरात नसेल तर ती धुऊन, पूर्ण वाळवून, झाकण वेगळं ठेवावं. ही अक्कल काही नवी नाही. आमच्या दादीजानकडे काचेच्या पोटाचा जुना थर्मास होता. बाळंतिणीला दवाखान्यात चहा न्यायचा असो की रेल्वेचा प्रवास, तोच निघे. घरी आला की दादी त्याचं लाकडी बूच काढून उन्हात ठेवी, थर्मासच्या तोंडावर मलमलीचा तुकडा टाकी, आणि बूच परत लावलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. बूच कुठे, तर खिडकीत. थर्मास कुठे, तर फळीवर. आत डाग पडले की मूठभर कच्चे तांदूळ, चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी घालून हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. तांदळाचा दाणा काचेला ओरखडा न देता डाग खरवडतो. काही बाया अंड्याची टरफलं चुरून घालत. दादीला ते पसंत नव्हतं, काच नाजूक म्हणून.

टोटीच्या लोट्यालाही तिची एक युक्ती होती. वजूच्या तांब्याच्या लोट्याची तोटी वाकडी, तिथे कशानेच पोहोचता येत नाही. दादी सुताच्या जाड दोऱ्याला दोन-तीन गाठी मारायची, दोरा तोटीतून ओवून दोन्ही टोकं धरून पुढेमागे ओढायची. गाठी आतून घासत जात. आज स्ट्रॉ साफ करायला बाजारात बारीक लांब ब्रश मिळतो, तो जरूर घ्या. पण नसेल तर चिंधीची गाठ बांधलेला दोरा आजही तेच काम करतो. आम्ही वर्गात मुलांकडून करून घेतलं आहे.

आता प्रत्यक्ष धुण्याकडे येऊ. आमचा नियम वर्गातल्या मुलांनाही पाठ झाला आहे, चिकट ते सोड्याने, पांढरं ते आंबटाने. यामागे साधं रसायनशास्त्र आहे. चहाचा तपकिरी डाग, दुधाचा चिकटपणा, तेलकटपणा हे सोड्यासारख्या आम्लविरोधी पदार्थाने सुटतात. पाण्यातल्या क्षाराचा पांढरा, खरखरीत थर सोड्याला दाद देत नाही. त्याला लिंबू, सिरका किंवा टाटरी लागते. टाटरी म्हणजे लिंबूसत्त्व, काहीजण लिंबूफूल म्हणतात, किराणा दुकानात मिळतं. दूधडेअरीतही मोठ्या टाक्या याच क्रमाने धुतात, आधी साधं पाणी, मग सोड्याच्या जातीचं, मग आम्लाचं. आमच्या कोकणातल्या वाचक भगिनींना बुरशीचा त्रास जास्त, हवाच दमट. सोलापूर, बीड, लातूरकडे बोअरच्या पाण्याने पांढरा थर जास्त. तेव्हा आपल्या घरी कोणता शत्रू आहे ते ओळखून औषध निवडावं.

दुधाचा चहा असलेल्या मगाला पहिलं पाणी उकळतं नको. गार किंवा कोमट पाण्याने आधी दूध वाहून जाऊ द्या. उकळतं पाणी पडलं की दुधातलं प्रथिन भांड्यालाच शिजून बसतं. दुधाची पातेली घासणाऱ्या प्रत्येक बाईला हे हातांनी माहीत असतं, पण मगाच्या वेळी विसरायला होतं. शक्य असेल तर कामाच्या जागीच, चहा संपल्या संपल्या, नळाखाली मग आणि झाकण एकदा विसळून, झाकण उघडं ठेवून बॅगेत टाकावं. हे काम घरच्या बाईचं नाही, चहा पिणाऱ्याचं आहे. भाऊ, शौहर, अब्बा, जे कोणी हे वाचत असतील त्यांनी ऐकावं. एका मिनिटाचं काम संध्याकाळच्या पंधरा मिनिटांचं घासणं वाचवतं.

घरी आल्यावर झाकणाचे सगळे तुकडे सुटे करा. रिंग काढायला चाकू किंवा सुई नको, रिंग चिरते, आणि चिरलेली रिंग गळते. चमच्याच्या दांड्याचं बोथट टोक किंवा क्रोशाची सुई सर्वांत उत्तम. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण मिसळून सगळे तुकडे दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग जुना, मऊ झालेला टूथब्रश साबण लावून आट्यांवरून गोल फिरवा, बाटलीच्या तोंडाच्या आट्यांवरूनही. रिंग दोन्ही बाजूंनी बोटांत धरून चोळा. खाचेत कापूस गुंडाळलेली काडी फिरवा, ती काळी निघाली तर पांढरी निघेपर्यंत परत फिरवा. टाचणीएवढ्या भोकाला बारीक ब्रश किंवा जाड धागा. सरकती खिडकी पूर्ण निघत नसेल तर ती साबणाच्या पाण्यात बुडवून वीस-पंचवीस वेळा पुढेमागे सरकवा, मग नळाच्या धारेखाली तसंच करा.

रिंगला वास किंवा ठिपके राहिलेच तर ती सिलिकॉनची आहे याची खात्री करून पाच मिनिटं पाण्यात उकळवा. सिलिकॉनला उकळतं पाणी सोसतं. झाकणाचं प्लास्टिक मात्र उकळू नका, ते वाकडं झालं की मग कधीच नीट बसत नाही. उकळूनही काळे ठिपके गेले नाहीत तर बुरशीचे तंतू रिंगच्या आतच शिरलेत असं समजा आणि नवी रिंग घ्या. काही कंपन्या सुटी रिंग विकतात. कुकरदुरुस्तीच्या दुकानात माप दाखवून मिळालीच तर ती खाण्याच्या भांड्यासाठीची आहे ना ते विचारा. साध्या काळ्या रबराला स्वतःचाच वास असतो आणि तो पाण्याला लागतो.

बाटलीच्या पोटातल्या चहाच्या डागांसाठी दोन चमचे खाण्याचा सोडा घालून गरम पाणी भरा आणि झाकण न लावता अर्धा तास, डाग जुना असेल तर रात्रभर, ठेवा. सकाळी लांब दांड्याच्या ब्रशने फिरवलं की डाग सुटतो. बाळाची दुधाची बाटली घासायचा ब्रश यासाठी चालतो, फक्त बाळाचा वेगळा आणि मगाचा वेगळा ठेवा. पांढऱ्या थरासाठी चमचाभर टाटरी गरम पाण्यात विरघळवून तसंच अर्धा तास. त्यानंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळा. तारेची घासणी स्टीलला लावू नका, ओरखड्यांमध्येच पुढची घाण बसते.

मोबाईलवर एक चलचित्र फिरत असतं. सोडा टाकायचा, वर सिरका ओतायचा आणि फसफस फेस आला की टाळ्या. फेस बघायला मजा येते, मुलंही खूष होतात. पण सोडा आणि सिरका एकत्र आले की दोघेही एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते बहुतांश खारट पाणी. वेगवेगळे वापरले असते तर दोघांनी काम केलं असतं. आणि कोणी फसफसत असताना झाकण घट्ट लावलं तर आतल्या वायूच्या दाबाने झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडू शकतं. उकळतं पाणी आणि साबण घालून झाकण लावून हलवतानाही दाब वाढतो, गरम पाणी तोंडावर उडतं. मुलांच्या हातात तर अजिबात नको.

तीन गोष्टींना घरात सक्त मनाई करा. संडास धुण्याचं आम्ल स्टीलच्या बाटलीत नको, ते स्टीलला खातं. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच नको, त्याने स्टीलवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. आणि ब्लीच व आम्ल, मग ते सिरका का असेना, कधीही एकत्र नको. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. मोरीचं दार बंद करून, खाली वाकून काम करणाऱ्या बाईच्या छातीत तो पहिला जातो. बाटलीच्या डागापेक्षा फुप्फुसं मोलाची आहेत. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा हेही दोन वेगळे पदार्थ आहेत, डब्यांवर चिठ्ठी लावलेली बरी.

निर्वात बाटली गॅसवर ठेवून पाणी तापवणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. तसं करू नये. भिंतींमधली पोकळी बंद असते, तापून तिचा सांधा निकामी होतो आणि अपघातही होऊ शकतो. गरम चहा भरल्यावर बाटली बाहेरून गरम लागायला लागली तर पोकळीत हवा शिरली असं समजावं. रिकामी बाटली हलवल्यावर भिंतीच्या आत पाणी डुचमळत असल्याचा आवाज आला तर ती बाटली आता कोणत्याच उपायाने साफ होणार नाही. मोगऱ्याची काडी लावा तिच्यात, पण मुलाला देऊ नका.

आणखी एक जागा सगळे विसरतात. पडून पोचा येऊ नये म्हणून बाटलीच्या बुडाला रबरी टोपी चढवलेली असते. तिच्या आत पाणी अडकतं आणि आठवड्यानंतर तिथून मोरीसारखा वास येतो. पोरं ती बाटली वहीवर ठेवतात, दप्तराला वास, आणि आई दप्तर धुऊन धुऊन थकते. टोपी ओढून काढा, दोन्ही पुसून वाळवा.

वाळवणं हे धुण्याइतकंच मोठं काम आहे. झाकण परत जोडून ठेवण्याची घाई करू नका. रात्री सुटे तुकडे कोरड्या फडक्यावर पसरून ठेवा, बाटली पालथी पण थोडी तिरपी, म्हणजे खालून हवा जाईल. सकाळी भरायच्या आधी जोडा. सुट्टीच्या दिवशी तासभर ऊन मिळालं तर उत्तम. पाण्याच्या बाटलीचं झाकण रोज उघडून घासावं, रिंग आठवड्यातून एकदा काढली तरी चालेल. दूध, चहा, सरबत भरलं असेल तर रिंग त्याच दिवशी काढावी.

नवी घेताना दुकानातच झाकण पूर्ण उघडून बघा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या. जे झाकण सुटं होत नाही ते धुताही येत नाही, मग त्यावर कितीही सुंदर फुलं काढलेली असोत. तोंड इतकं रुंद हवं की ब्रश सरळ तळाला पोहोचेल. लहान मुलांना स्ट्रॉची, बटण दाबली की तोटी उडणारी बाटली आवडते हे आम्ही जाणतो. दुकानात मुलं त्याच बाटलीसाठी पाय आपटतात. तरी आमचं मत विचाराल तर पहिली-दुसरीनंतर साध्या फिरकीच्या झाकणाची, एकच रिंग असलेली स्टीलची बाटली घ्यावी. ती मुलाला स्वतः धुता येते. आमच्या सहावीच्या वर्गात मुलगेही आता दर शनिवारी रिंग काढून घासतात. सुरुवातीला हे मुलींचं काम म्हणून नाकं मुरडली होती, पण स्वतःच्या बाटलीतली शेवई पाहिल्यावर कोणी वाद घातला नाही. त्या मुलीची बाटली हल्ली मधल्या सुट्टीतच रिकामी होते, आणि ती नळावर रांगेत उभी असते.

शेवटचं, रिंग परत बसवताना. बऱ्याच रिंगची एक बाजू सपाट असते आणि दुसरीला कड असते. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर गोंधळ होत नाही. उलटी बसली की बाटली दप्तरात गळते आणि उर्दूच्या वहीतली शाई पार पसरते. म्हणून झाकण लावल्यावर बाटली भरून मोरीत दोन मिनिटं उलटी धरा. थेंब पडला नाही, तरच दप्तरात ठेवा.